गोठ्यातलं काम आणि पोटातले जिवाणू

चोपड्याच्या भाऊंनी विचारलंय की तीन म्हशी घेतल्यापासून सगळं घर गोठ्यातच वावरतंय, तर पोटातले जिवाणू बदलतात का, आणि ते चांगलं की वाईट. यावल तालुक्यात माझा वीस वर्षांचा गोठा आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

बदलतात. चीनमध्ये पशुवैद्यकाचे विद्यार्थी तीन महिने डुकरांच्या फार्मवर राहिले, तेव्हा त्यांची विष्ठा तपासत गेले. 2020 मध्ये ते छापून आलं. पोरांच्या आतड्यात फार्मवरच्या कामगारांचे आणि तिथल्या मातीपाण्यातले जिवाणू सापडले, सोबत अँटिबायोटिकला दाद न देणारी जनुकंही.

पोटात जातं कसं, ते आमच्या सालदाराकडे बघून कळलं. धार काढून झाली की शेणाचा हात पँटला पुसायचा, त्याच तळव्यावर तंबाखू-चुना मळायचा आणि ओठात सरकवायचा. मी स्वतःही शेण काढता काढता चहाचा कप धरलाय, खोटं कशाला बोलू.

'शेणामातीत वाढलेलं पोर निकोप' हे आमच्या आईचं म्हणणं अगदीच वाया नाही. अमेरिकेत आमिश नावाचा जुन्या वळणाने राहणारा ख्रिस्ती पंथ आहे, त्यांची पोरं गायींच्या गोठ्यालगत वाढतात. यंत्रांवर मोठी शेती करणाऱ्या हटराइट या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाच्या पोरांपेक्षा त्यांच्यात दमा बराच कमी, असं 2016 मध्ये दिसलं. पण तिथे श्रेय गोठ्याच्या धुळीला दिलंय, कच्च्या दुधाला नाही. दूध उकळूनच प्या. आणि म्हैस गाभडली तर जार (वार) उघड्या हाताने उचलू नका, ब्रुसेला हा ताप आणणारा जिवाणू तिथूनही येतो.

माझी खरी काळजी वेगळीच आहे. अमेरिकेत स्टुअर्ट लेव्ही या संशोधकाने कोंबड्यांच्या खाद्यात टेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक घालून पाहिलं, 1976 मध्ये ते छापून आलं. आठवडाभरात कोंबड्यांच्या आतड्यातले बहुतेक जिवाणू औषधाला पुरून उरले. पाच-सहा महिन्यांत शेतावरच्या माणसांच्या पोटातही तसलेच दिसू लागले, आणि त्या माणसांनी तर औषधाला हातही लावला नव्हता! म्हणजे म्हशीला काय टोचता याचा हिशोब तुमच्या पोटात लागतो.

आपल्याकडे काय होतं? सड सुजला की कोनाड्यातली मागच्या वेळची अँटिबायोटिकची अर्धी बाटली काढायची, दोन दिवस टोचायचं, सूज उतरली की बंद. मीही केलंय. वर ते दूध डेअरीला चालत नाही म्हणून वासराला पाजायचं. म्हणजे दाद न देणारे जिवाणू आपणच वासराच्या पोटात पोसायचे, आणि त्याच वासराला आपली नातवंडं मिठी मारतात.

डॉक्टरने पाच दिवस सांगितले तर पाच दिवस द्या. औषध चालू असेपर्यंत आणि लेबलवर लिहिलेले दिवस संपेपर्यंतचं दूध वासराला न देता ओता, जीव तुटला तरी. गोठ्याच्या दारात बादली आणि साबण ठेवा, गोठ्याची चप्पल घरात नको. सालदाराच्या तंबाखूचं काय करायचं ते मला अजून जमलेलं नाही. सध्या एवढंच ठरलंय की त्याची पुडी साबणाशेजारच्या खुंटीला टांगलेली असते.