कळव्यात राहतो, बारावीला 72 टक्के आणि सीईटीला 98 पर्सेंटाइल. बोर्डाच्या गुणांमुळे मुंबईच्या व्हीजेटीआय इंजिनिअरिंग कॉलेजच्या यादीत मागे पडेन का?

नाही, बोर्डाच्या 72 टक्क्यांमुळे तुमचा क्रमांक खाली जाणार नाही. कॅपमधून (राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) मिळणाऱ्या इंजिनिअरिंगच्या जागांची गुणवत्ता यादी एमएचटी-सीईटीच्या पर्सेंटाइलवर लागते, बारावीचे गुण फक्त पात्रतेपुरते पाहतात: पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) मिळून खुल्या प्रवर्गाला 45 टक्के, राज्यातल्या राखीव प्रवर्गाला 40. ठाण्यात पालकांचे अर्ज भरून देताना हीच भीती मी दरवर्षी ऐकते, पण प्रवेशाच्या नियमांत बोर्डाच्या गुणांना वेगळं वजन नाही. दोघांचं पर्सेंटाइल सारखं आलं तर आधी सीईटीतल्या गणिताचं पर्सेंटाइल पाहतात. तेव्हा सगळं लक्ष पसंतीक्रमावर द्या. मनापासून हवी असलेली शाखा आणि कॉलेज वर ठेवा, 'मिळणार नाही' म्हणून खाली ढकलू नका. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, किती टक्के मुलांच्या पुढे आहात ते; त्यामुळे मागच्या वर्षीचे कटऑफ आपल्याच प्रवर्गाचे आणि शाखेचे बघा.

मात्र पवईची आयआयटी किंवा एनआयटी मनात असेल तर हिशेब वेगळा. तिथे क्रमांक जेईईचाच, पण बारावीला 75 टक्के (एससी, एसटी, दिव्यांगांना 65) किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये असणं लागतं.