तुतारीसकट ऐकावे

चि. लेखिकेस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या लेखाचा खर्डा मिळाला आणि दोनदा वाचून झाला. 'स्ट्रॉबेरी स्विचब्लेड' या ग्लासगोच्या पॉप गाणाऱ्या जोडगोळीवर, म्हणजे रोझ मॅकडॉवल आणि जिल ब्रायसन यांच्यावर, आज कोणी मराठीत लिहायला बसेल असे मला स्वप्नातही वाटले नव्हते, त्यामुळे पहिल्या वाचनात मी नुसताच हरखलो. दुसऱ्या वाचनात मात्र पेन्सिल हाती घ्यावी लागली.

तू त्यांना पाच ठिकाणी 'दुर्लक्षित' म्हटले आहेस. तो शब्द पाचही ठिकाणी खोड. 1984 च्या अखेरीस आलेले त्यांचे 'सिन्स यस्टरडे' हे गाणे पुढल्या वर्षाच्या सुरुवातीला खपाच्या ब्रिटिश क्रमवारीत पाचव्या स्थानावर पोहोचले होते आणि बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स' या दूरदर्शन कार्यक्रमात त्या दोघी झळकल्या होत्या. मोठमोठे ठिपके असलेले झगे, केसांत फितींचे आणि फुलांचे झुबके, पांढराफटक चेहरा आणि डोळ्यांभोवती काळेभोर रंगकाम, असा त्यांचा थाट असे. अशा मुलींकडे दुर्लक्ष करणे कोणालाच शक्य नव्हते. लोकांनी त्यांच्याकडे डोळे भरून पाहिले आणि त्या भरात ऐकायचे राहून गेले. तुझ्या लेखाचा विषय हा आहे, आणि तो 'दुर्लक्षित' या शब्दात मावत नाही.

राहून गेलेल्यांत मीही होतो, हे आधी कबूल करतो. ब्रिटनमध्ये शिकणाऱ्या माझ्या मावसभावाने रेडिओवरून गाणी भरून एक कॅसेट पाठवली होती. त्याने बटण उशिरा दाबल्यामुळे माझ्याकडचे 'सिन्स यस्टरडे' थेट रोझ मॅकडॉवलच्या आवाजापासून सुरू होत असे. बारा-तेरा वर्षांनी मूळ ध्वनिमुद्रिका कानावर पडली, तेव्हा आरंभीची ती तुतारीसारखी ललकारी ऐकून हे कोणीतरी मागाहून चिकटवले आहे, असे मी एका जाणकार मित्राला छातीठोकपणे सांगितले. त्याने शांतपणे फिनलंडचा संगीतकार सिबेलियस याच्या पाचव्या सिंफनीचा शेवटचा भाग लावला. हॉर्न वाद्यांचा तो हेलकावणारा स्वर तिथलाच होता; 1915 च्या एप्रिलमध्ये उडणारे सोळा हंस पाहून भारावलेल्या सिबेलियसने तो आपल्या रोजनिशीत टिपून ठेवला होता. माझी आठवण तिच्या परीने अगदी खरी होती, पण ती एका अर्धवट कॅसेटची होती. म्हणून सांगतो, तुझ्या लेखात ज्या ज्या वाक्यात 'मला आठवते' आले आहे, तिथे थांबून मूळ गाणे पुन्हा लाव.

शब्दांच्या बाबतीत तर माझी चूक याहून मोठी होती. चाल उड्या मारणारी, म्हणून गाणे आनंदाचे, असे मी वर्षानुवर्षे धरून चाललो होतो. त्यात खरे तर दोन माणसे एकटी बसून पुढे जगायला काही कारण शोधत आहेत, आणि हाती उरले आहेत ते फक्त कालचे विचार. ही फसगत गाण्यातच रचलेली आहे. शब्द आणि चाल एकमेकांकडे पाठ करून उभी असतात आणि गाणारीचा आवाज दोघांपैकी कोणाचीच बाजू घेत नाही. तुझ्या खर्ड्यात केसांच्या फितींवर तीन परिच्छेद आहेत आणि या गोष्टीवर एक ओळही नाही.

खरे ऐकायचे असेल तर 1983 च्या 'ट्रीज अँड फ्लॉवर्स'पाशी जा. 'एको अँड द बनीमेन' या बँडमधल्या विल सार्जंटने आपल्या छोट्या रेकॉर्ड लेबलवर ते गाणे काढले होते. जिल ब्रायसनला घराबाहेर, मोकळ्या जागेत पाऊल टाकण्याची अतोनात भीती वाटत असे आणि गाणे त्या भीतीचे आहे. झाडे नकोशी वाटतात, फुले नकोशी वाटतात, अंगावर आल्यासारख्या उंच इमारती नकोशा वाटतात, एवढेच ते गाणे सांगते. ऐकताना एखादे बडबडगीत चालू आहे असे वाटते. गिटारवर रॉडी फ्रेम आहे आणि केट सेंट जॉनचा ओबो आहे. ओबो हे आपल्या सनईसारखेच दुहेरी पत्तीचे वाद्य असल्यामुळे त्याचा स्वर एकाच वेळी मंगल आणि रडवेला लागू शकतो, हे तुला वेगळे सांगायला नको. दुसऱ्यांदा ऐकताना ओबो सोड आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या आवाजाकडे कान लाव. मुख्य आवाज बहुतेक वेळा रोझचा, पण ज्या जिलची ती भीती, ती मागे उभी राहून स्वर धरते आहे. आपलेच दुखणे मैत्रिणीच्या तोंडून ऐकत त्याला साथ करणे, हे दृश्य मला त्यांच्या कोणत्याही छायाचित्राहून अधिक काही सांगून जाते. ही माझी कल्पना आहे, पुरावा नव्हे; तुझ्या लेखात ती घेऊ नकोस, तुझी स्वतःची शोध.

पूर्वेतिहास थोडक्यात आटप. 1981 साली चौघींचा बँड म्हणून सुरुवात झाली, पुढे दोघीच उरल्या. नाव 'ऑरेंज ज्यूस' या बँडच्या जेम्स कर्ककडून मिळाले. 1982 मध्ये जॉन पीलच्या बीबीसी रेडिओवरील कार्यक्रमासाठी त्यांनी गाणी ध्वनिमुद्रित केली. एवढे पुरे आहे. चौघींच्या काळातले 1982 चे कच्चे ध्वनिमुद्रण बऱ्याच वर्षांनी प्रसिद्ध झाले आहे, ते मात्र अवश्य ऐक, कारण त्यात गिटारी खरखरीत आहेत आणि 1985 च्या अल्बमवर जी सिंथेसायझरची आणि ड्रम मशीनची झिलई चढली, तिचा मागमूसही नाही.

त्या झिलईबद्दल तू रेकॉर्ड कंपनीवर चांगलीच आगपाखड केली आहेस. मलाही ड्रम मशीनचे ठोके काही ठिकाणी खिळे ठोकल्यासारखे वाटतात. पण त्याच झिलईमुळे 'सिन्स यस्टरडे' माझ्या मावसभावाच्या रेडिओपर्यंत पोहोचले, हेही खरे. निर्माता डेव्हिड मोशनने गाण्यांतले दुःख साखरेत घोळवले, असे म्हण. मारले, असे म्हणू नकोस. पुढची गाणी क्रमवारीत वर का गेली नाहीत, अमेरिकन गायिका डॉली पार्टनचे 'जोलीन' नव्याने गाऊनही पन्नासच्या आत जागा का मिळाली नाही, याचे एकच कारण सांगण्याचा मोहही टाळ. 1986 मध्ये जोडी फुटली. त्यांची एक-दोन गाणी केवळ जपानमध्येच निघाली, हे लेखात आलेच पाहिजे. घरच्यांनी पाठ फिरवल्यावर दूरच्यांनी ऐकले, याची ती साक्ष आहे.

आणखी एक गोष्ट. त्यांचे व्यवस्थापन पाहणारा बिल ड्रमंड पुढे 'द केएलएफ' या स्वतःच्या बँडमुळे प्रसिद्ध झाला, हे तू दुसऱ्याच परिच्छेदात सांगून टाकले आहेस. हा रोग मी फार जणांत पाहिला आहे. विस्मृतीत गेलेल्या बायकांचे मोल पटवून द्यायला शेजारच्या प्रसिद्ध पुरुषाच्या कीर्तीचे ठिगळ लावायचे! ड्रमंडला तळटीपेइतकी जागा दे. त्यापेक्षा 2024 मध्ये कार्ला ईस्टन आणि ब्लेअर यंग यांनी स्कॉटलंडमधल्या मुलींच्या बँडांवर जो माहितीपट केला, त्याचे नाव त्यांनी 'सिन्स यस्टरडे'च ठेवले, हे सांग. तिथे या दोघी आपल्याच कुळात बसलेल्या दिसतात.

रोझ पुढे फारच काळोख्या संगीताकडे वळली, म्हणून तू 'आश्चर्यकारक वळण' असे लिहिले आहेस. झाडाफुलांचा तिटकारा गोड गळ्याने गाणारी बाई काळोखाकडे वळली, यात तुला आश्चर्य वाटत असेल, तर ते गाणे तू अजून नीट ऐकलेले नाहीस.

नवा खर्डा पाठवण्यापूर्वी आठवडाभर त्यांची छायाचित्रे उघडू नकोस. 1982 चे कच्चे ध्वनिमुद्रण, मग 'ट्रीज अँड फ्लॉवर्स', मग अल्बम, या क्रमाने ऐक आणि प्रत्येक गाणे पहिल्या सेकंदापासून लाव. माझी कॅसेट मागितली आहेस, ती देता येणार नाही. तिची फीत फार पूर्वीच यंत्रात गुंतून तुटली, आणि खरे सांगायचे तर तुला ती न मिळालेलीच बरी.

तुझा,
एक जुना श्रोता