बाथटबचा नळ ठिबकतो, म्हणून नवा मिक्सर घ्यावा का?

प्रश्न : विश्रामबागेतील आमच्या घरात आठ वर्षांपूर्वी मुलाच्या हौसेखातर बाथटब बसवला. आता त्यात आंघोळी कमी आणि गोधड्या भिजवणेच अधिक होते. टबवरचा गरम-गार पाण्याचा दोन नॉबचा मिक्सर दिवाळीपासून ठिबकतो आहे. नॉब जोराने पिळला की तासभर थांबतो आणि पुन्हा सुरू होतो. जिथे थेंब पडतो तिथे पांढरट डाग धरला आहे. प्लंबर म्हणतो, सगळा मिक्सरच बदलावा लागेल. हे काम घरी होण्यासारखे आहे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : होण्यासारखे आहे, आणि आपल्या वर्णनावरून तरी मिक्सर बदलण्याचे कारण दिसत नाही. नळाचे पितळी अंग सहसा आठ वर्षांत निकामी होत नाही. झिजतो तो आत बसवलेला बोटभर लांबीचा भाग, म्हणजे स्पिंडल, आणि तो सुटा मिळतो. मात्र आजपासून नॉब पिळणे बंद करावे. जुन्या धाटणीच्या नळात स्पिंडलच्या टोकाला रबरी वायसर असतो आणि तो पितळी बैठकीवर दाबला गेला की पाणी थांबते. जितका जोर लावावा तितकी त्या रबरात खोल खाच पडते आणि पुढच्या वेळी आणखी जोर लावावा लागतो. नॉब पुष्कळ फेरे फिरत असेल, तर आपल्याकडे हाच प्रकार आहे. पाव किंवा अर्ध्या फेऱ्यातच तो अडत असेल, तर आत एकमेकींवर सरकणाऱ्या सिरॅमिकच्या दोन चकत्या आहेत; तिथे जोराचा काहीच उपयोग नसतो, उलट अडवणारा खुंट तुटतो.

आधी कोणती बाजू गळते ते ठरवावे. गिझरचे बटण बंद करून त्याच्याकडे जाणाऱ्या गार पाण्याचा कॉक बंद करावा. थोड्या वेळाने ठिबकणे थांबले, तर दोष गरम बाजूचा. न थांबल्यास गार बाजूचा. गरम बाजू असेल तर घाई करावी, कारण तिथे विजेचाही खर्च आहे. साधारण वीस थेंबांचे एक मिलिलिटर धरले, तर सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला सुमारे ४.३ लिटर; एवढे पाणी ३० अंशांनी तापवायला ०.१५ युनिट लागते, म्हणजे वर्षाला पंचावन्नच्या आसपास युनिटे.

काम सुरू करताना गच्चीवरच्या टाकीच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद करून नळ उघडा ठेवावा व पाणी निथळू द्यावे. वर्षानुवर्षे न फिरवलेला व्हॉल्व्ह पुष्कळदा पुरता बंद होत नाही, तेव्हा टाकी तळाला आली असताना काम काढलेले बरे. टबच्या भोकात बूच बसवून तळाला जुना टॉवेल अंथरावा. एकदा स्क्रू त्या भोकातून गेला की गेला, आणि हातून पाना निसटला तर टबचा टवका उडतो.

नॉबवरची लाल किंवा निळी टिकली सुरीच्या पातळ टोकाने उचलली की खाली स्क्रू दिसेल. तो काढून नॉब सरळ बाहेर ओढावा. आतल्या षटकोनी भागाला फडके गुंडाळून पान्याने डावीकडे फिरवावे, म्हणजे स्पिंडल बाहेर येईल. भिंतीतून आलेल्या जोडांना हात लावू नये. ते हलले तर टबातली गळती भिंतीत जाईल. वायसर खाचलेला वा दगडासारखा कडक झालेला असेल तर तो बदलावा, परंतु दुकानात जाताना जुना वायसर खिशात घालून जावे. ‘अर्धा इंची द्या’ एवढे सांगून काम होत नाही, कारण जाडी आणि भोक कंपनीगणिक वेगळे असते. सिरॅमिकचे स्पिंडल असेल तर तेच अखंड घेऊन जावे आणि टोकाचे दाते मोजून, तसेच ते कोणत्या बाजूला फिरून उघडते ते पाहून जुळवावे. गरम आणि गार बाजूचे स्पिंडल अनेकदा उलट दिशेने उघडतात.

नवा भाग बसवण्यापूर्वी बैठकीवरून करंगळी फिरवून पाहावी. ती गुळगुळीत लागली पाहिजे. बोटाला खड्डा जाणवला तर नवा वायसरही फार दिवस टिकणार नाही; मग प्लंबरकडून तेवढी बैठक कटरने घासून घ्यावी, आणि तेही शक्य नसेल तरच मिक्सर बदलण्याचा विचार करावा. सांगलीत बोअरचे जड पाणी वापरणारी घरे पुष्कळ आहेत, आणि आपला पांढरा डाग क्षारांचाच दिसतो. पितळी भागावरचे असे किटण व्हिनेगरमध्ये अर्धा तास बुडवून मऊ ब्रशने निघते. संडासाचे ॲसिड वापरू नये, क्रोमचा मुलामा जातो. रबरी रिंगांना खोबरेल किंवा व्हॅसलीनही लावू नये, रबर फुगते. सिलिकॉन ग्रीस बोटाला लागेल एवढे पुरते. शेवटी नळाच्या तोंडाची जाळी काढून पाणी हळूहळू सोडावे, म्हणजे सुटलेली कचकच बाहेर पडेल. पावसाळ्यात टाकीत गाळ बसतो. त्यातला एखादा कण चकत्यांमध्ये अडकला तर नवे स्पिंडलही ठिबकू लागते.

प्रश्न : आमचा नळ फक्त गिझर चालू असतानाच ठिबकतो. वायसर दोनदा बदलला, तरी फरक नाही.
– एक वाचक, सातारा

उत्तर : तापताना पाणी फुगते. १५ लिटरच्या गिझरमधले पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर गेले की सुमारे २०० मिलिलिटर, म्हणजे पेलाभर, पाणी वाढते; गिझरच्या तोंडाशी उलट जाऊ न देणारा व्हॉल्व्ह असल्याने ते टाकीकडे परतू शकत नाही आणि मिळेल तिथून वाट काढते. नळ घट्ट असता तर हेच पाणी गिझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून ठिबकले असते. तेव्हा तो व्हॉल्व्ह क्षारांनी जाम झाला आहे का, ते जाणकाराकडून तपासून घ्यावे. काही घरांत त्याचे तोंड ‘उगाच गळते’ म्हणून बूच मारून बंद केलेले आढळते. आपल्याकडे तसे असेल तर बूच काढून व्हॉल्व्ह तपासून होईपर्यंत गिझर लावू नये.