नावाला ओ न देणारा कंडक्टर

खानापूर तालुक्यातील एका गावाहून एक आई आपल्या चार वर्षांच्या मुलाला घेऊन बेळगावात माझ्याकडे आली. सोबत आजोबाही होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) तक्रार अशी होती की मुलगा दिवसभर ‘कंडक्टर’ असतो, नावाने हाक मारली तर ओ देत नाही आणि घरात सगळे मराठी बोलत असताना हा सोप्यात उभा राहून दिसेल त्याला कन्नडमध्ये ‘मुंदे होग्री’ (पुढे सरका) म्हणत पुढे सरकवतो. “हे काय करूलालंय पोरगं? सोताचं नाव इसरलं काय?” असे विचारताना आजोबांचा आवाज कापत होता. सीमाभागात भाषेचा विषय किती हळवा आहे हे मी जाणते; आजोबांच्या मनात नातवाइतकीच मराठीचीही काळजी होती.

मी चार खुर्च्या एकामागे एक मांडल्या. मुलाने आईची पर्स काखेत अडकवली, कागदाचे तुकडे फाडले आणि आजोबांनी नोट म्हणून पुढे केलेला रिकामा हात निरखून पाहत करड्या आवाजात बजावले, “चिल्लरे कोडरी” (सुट्टे द्या). थोड्या वेळाने त्याला तहान लागली. त्याने पर्स काढून खुर्चीवर ठेवली, “आई, मला पाणी दे” म्हटले, पाणी पिऊन बाहीने तोंड पुसले, पर्स पुन्हा काखेत घेतली आणि ओरडला, “रैट!”

पर्स उतरवण्याची ती कृती मी आई-आजोबांना पुन्हा आठवायला लावली. आपण कंडक्टर केव्हा असतो आणि केव्हा नसतो, हे या मुलाला नेमके ठाऊक आहे. कंडक्टरची भाषा कन्नड, कारण त्याने पाहिलेला कंडक्टर तीच बोलतो. तहानेची भाषा मात्र आईची आहे.

मुलाच्या नाकावर नकळत रंगाचा ठिपका लावून त्याला आरशासमोर नेण्याचा प्रयोग १९७२ साली प्रसिद्ध झाला. साधारण दीड ते दोन वर्षांची बहुतेक मुले आरशाला नव्हे, तर स्वतःच्या नाकाला हात लावतात. लुटुपुटीचा खेळही साधारण याच वयात सुरू होतो. पुढे भातुकलीत, शाळा-शाळा खेळताना मूल दुसऱ्याच्या जागी उभे राहून स्वतःकडे पाहायला शिकते. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की यांनी १९३३ च्या एका व्याख्यानात ‘बहिणी-बहिणी’ खेळणाऱ्या दोन सख्ख्या बहिणींचे उदाहरण दिले होते: एरवी बहीण म्हणून सहज वावरणाऱ्या त्या मुली खेळात मात्र बहिणीने कसे वागावे याचा विचार करू लागतात. आमच्या छोट्या कंडक्टरलाही मोठ्यांना ‘पुढे सरका’ सांगण्याचा अधिकार कसा वाटतो, हे खेळातच अनुभवता येते. एरवी दिवसभर हुकूम त्यालाच सुटत असतात.

म्हणून खेळ मोडू नका, खेळात शिरा, असे मी सांगितले. जेवायला बोलवायचे तर “बस डेपोत लावा, कंडक्टरसाहेब” म्हणावे. मात्र खेळाबाहेरही मूल नावाला प्रतिसाद देत नसेल, नजरेला नजर देत नसेल, येत असलेले शब्द हरवत असेल किंवा तीन वर्षांचे होऊनही लुटुपुटीचे काहीच खेळत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे जायला उशीर करू नये. या मुलात यांपैकी काहीही नव्हते.

पुढच्या भेटीत आजोबांनी सांगितले की आता रोज संध्याकाळी ते प्रवासी होतात. नातू कन्नडमध्ये सुट्टे मागतो, ते मराठीत “नाहीत रे बाबा” म्हणतात आणि तो तरीही तिकीट फाडून देतो.