बिगुल छातीने वाजत नाही, ओठांनी वाजतो

तुमचा प्रश्न असा: मुलगा सातवीत आहे, अंगाने किरकोळ. शाळेच्या बँडमध्ये त्याला बिगुल हवा होता, पण सरांनी ‘तुझ्या छातीत दम नाही’ म्हणून झांज दिली. बिगुलाला खरंच एवढा दम लागतो का, आणि रोजच्या सरावाने अभ्यास बुडतो का?

अभ्यास बुडत नाही. उत्तर लिहायला बसलो ते पहिल्या भागासाठी. ‘छातीत दम’ हे मी शाळेत असताना ऐकलं, पुढे बँड शिकवायला लागल्यावर सोबतच्या शिक्षकांकडूनही ऐकलं, आणि ते साफ चूक आहे.

बिगुल म्हणजे साधारण साडेचार फूट लांबीची गुंडाळलेली नळी. तिला झडपा नाहीत, भोकंही नाहीत. सूर ठरतो तो ओठ किती आवळलेत आणि हवा किती वेगाने सुटते यावर. कामाचे सूर पाचच: सा, प, वरचा सा, वरचा ग, वरचा प. रे नाही, म नाही. म्हणून राष्ट्रगीत बिगुलावर निघत नाही, कारण ‘जन’ या पहिल्याच शब्दात सा नंतर रे येतो. आता यातला वरचा प काढायला खालच्या सा पेक्षा हवा कमीच लागते. लागतात ते ओठांचे घट्ट कोपरे. छाती कितीही रुंद असली तरी कोपरे ढिले असतील तर तो प निघणार नाही.

एका १५ ऑगस्टचं सांगतो. बँडमध्ये चार बिगुल, चारही थोराड मुलांकडे. ध्वजवंदन आठला. सरांनी सहाला मैदानावर उभं केलं आणि सव्वासातपर्यंत सलामीची धून घोटून घेतली, मध्ये विश्रांती नाही. साडेसातला पहिल्या बिगुलवाल्याच्या वरच्या ओठावर माउथपीसचा, म्हणजे बिगुलाच्या टोकाला बसवून ओठांना लावायच्या वाटीचा, गोल लाल वळ उठलेला होता. हा वळ दिसला की त्या मुलाला थांबवायचं असतं. ओठ थकला की मुलं ताकदीने भरपाई करतात, उजव्या हाताने बिगुल तोंडावर रेटतात. रेटलं की ओठातलं रक्त अडतं, ओठ बधिर होतो, थरथरत नाही, आणि थरथरीशिवाय सूर नाही. मग मूल आणखी रेटतं. आठला झेंडा फडकला, बिगुल वर गेले आणि वरच्या ग च्या जागी नुसती हवा आली. दुसऱ्याचा सूर निघाला तो घसरून खाली प वर. सर नंतर ओरडले, ‘दम कुठे गेला तुमचा?’ ती दोघं कबड्डीच्या संघातली होती. दम त्यांच्याइतका शाळेत कुणाकडे नव्हता. ओठ गेले होते, आणि ते सव्वा तासाच्या घोटण्याने गेले होते.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी सगळं मिळून वीस मिनिटं वाजवून घ्यायचं. पाच मिनिटं नुसता माउथपीस, मग खालचे सूर, मग सबंध धून फक्त दोनदा. जेवढं वाजवलं तेवढाच वेळ गप्प बसायचं. उरलेला वेळ ड्रमवाल्यांना द्यावा, त्यांना तो पावसात लागतोच.

त्याच दिवशी ड्रमचंही झालं, तेही सांगतो. रात्रभर पाऊस, हवेत ओल, आणि ड्रम कातड्याचे. ओलीने कातडं सैल पडतं, काठी मारली की उसळी येत नाही, रोल, म्हणजे काठ्यांचा सलग थरार, मोडतो. मुलांनी दोरीवरचे चामड्याचे कान, म्हणजे दोऱ्या ताणायचे सरकते पट्टे, खाली ओढून ड्रम कडक ताणले. तेवढं बरोबर केलं. चूक झाली कार्यक्रमानंतर: ड्रम तसेच ताणलेले कपाटात गेले. पाऊस संपला, ऑक्टोबरचं ऊन पडलं, कातडं वाळून आखडलं आणि दसऱ्याच्या सुमारास कपाट उघडलं तर तीन ड्रम कडेला फाटलेले. ओलीत ताणलेला ड्रम त्याच दिवशी सैल करून ठेवायचा, कानांवर पाच मिनिटांचं काम आहे. कातड्याच्या जागी ताणायची प्लॅस्टिकची पानं अमेरिकेत १९५७ च्या सुमारास मिळू लागली, आता आपल्याकडेही बहुतेक शाळांत तीच दिसतात, त्यांना ही भीती नाही. तुमच्या शाळेत जुने दोरीचे ड्रम असतील तर मात्र हे कुणीतरी शिपायाला सांगून ठेवा.

अंगाकडे बघून वाद्य वाटायची खोड फक्त बिगुलापुरती नाही. दांडगा मुलगा दिसला की त्याच्या गळ्यात बेस ड्रम. बेस ड्रम पेलायला थोडी उंची हवी हे मान्य, पण त्याचं खरं काम लय धरणं. डाव्या पावलावर ठोका, मिनिटाला १२० पावलं. मुलाला घड्याळ न दाखवता एक मिनिट जागेवर कदमताल करायला लावा आणि पावलं मोजा. मग मैदानात गर्दी असताना पुन्हा मोजा. दोन्ही वेळा ११६ ते १२४ च्या आत आला तर तो बेस ड्रमचा मुलगा, मग अंगाने कसाही असो. लोक बघायला लागले की १३२ वर पळणारा पैलवान सगळ्या शाळेचं संचलन बिघडवतो.

आणि रांगेच्या शेवटची मुलं पाऊल चुकतात म्हणून त्यांना झापू नका. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. बँड पुढे आणि रांग ६० मीटर लांब असेल तर शेवटच्या मुलाला ठोका जवळजवळ ०.१८ सेकंद उशिरा पोचतो. १२० च्या लयीत एक पाऊल अर्ध्या सेकंदाचं, म्हणजे तो बिचारा कानाने चालला तर एक तृतीयांश पाऊल मागेच राहणार. बँड रांगेच्या मधोमध ठेवा, निम्मी तक्रार तिथेच संपते.

आता तुमच्या मुलाचं. पहिले पंधरा दिवस त्याला फक्त माउथपीस हवा, बिगुल नाही. ‘म’ म्हणताना मिटतात तसे ओठ मिटायचे, कोपरे घट्ट, मधला भाग मोकळा, आणि त्यातून हवा सोडून भुंग्यासारखा आवाज काढायचा. गाल फुगता कामा नयेत. रोज दहा मिनिटं, पाच-पाच मिनिटांच्या दोन बैठका. माउथपीस दोन बोटांत धरायचा, मुठीत नाही, मुठीत धरला की रेटणं आपोआप येतं. प्रत्येक सुराची सुरुवात जिभेने, ‘तू’ म्हणतो तशी. पंधरा दिवसांनी बिगुलाला लावून प आणि वरचा सा स्वच्छ निघाले, तर त्याच्या छातीचं माप कुणी काढायचं कारण नाही.

माउथपीस त्याचा स्वतःचा घ्या. एकच माउथपीस चार तोंडांत फिरतो आणि एकाला सर्दी झाली की आठवड्यात चौघांना होते. मेरठच्या जली कोठी भागात बँडची पितळी वाद्यं बनतात, तिथला माल मिळाला तर चांगलं, फक्त माउथपीसची नळीत शिरणारी शेपटी शाळेच्या बिगुलात नीट बसते ना ते बघून घ्या. बसवताना हलकं फिरवायचं, वरून तळहाताने ठोकायचं नाही. ठोकलेला अडकतो, मग कुणीतरी पकड आणतं आणि नळी पिळवटून जाते. जानेवारीत सकाळी नळीतली हवा गार असते, सूर उतरतात, आणि ओठांना लागणारा धातूही गार असतो, म्हणून २६ जानेवारीला वाजवण्याआधी दहा मिनिटं माउथपीस खिशात किंवा मुठीत गरम ठेवायला सांगा.

झांजेला मात्र कमी लेखू नका. दोन ताटं समोरासमोर सपाट आपटली की मध्ये हवा कोंडते आणि आवाज बसतो. एक कड किंचित आधी टेकवून, वरखाली सरकवत मारावी लागते, तीही नेमकी पावलावर. ती नीट येणारी मुलं मला बिगुलवाल्यांपेक्षा कमीच मिळाली. पण ‘दम नाही’ म्हणून दिलेली झांज मुलगा मन लावून वाजवत नाही, हेही मी पाहिलंय. म्हणून सरांशी भांडू नका, इतकंच मागा: पंधरा दिवस माउथपीस द्या, मग ओठ बघून ठरवा.

आधीच लिहायला हवं होतं ते राहिलं. मुलाला दमा असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बिगुल नको. आणि दातांना तारा लावलेल्या असतील तर ओठ आतून सोलतात, अशा वेळी तारा निघेपर्यंत झांजच ठेवा.