पीस लिलीने मान टाकलीय, पाणी वाढवू का?

प्रश्न : माझी पीस लिली घरातच असते, खिडकीपासून जरा आत. इतके दिवस छान होती पण आता सगळी पानं देठापासून लोळलीत. पाणी कमी पडत असेल म्हणून रोज घालायला लागले तर खालची पानं पिवळी पडली, मग लिक्विड खत पण दिलं, तरी काही फरक नाही. कुंडी एका शोच्या कुंडीत ठेवलीय. माती ओली लागते आणि हल्ली थोडा वास पण येतो. झाड वाचेल का, की काढून टाकू?

उत्तर : टाकू नका हो, आणि पुढचं वाचून होईपर्यंत पाण्याचा मग पण उचलू नका. पान लोळलं म्हणजे पानात पाणी पोचत नाहीये एवढंच कळतं, कुंडीत पाणी नाहीये असं नाही, आणि सगळा घोळ इथेच होतो कारण तहानलेली लिली आणि बुडालेली लिली वरून अगदी सारख्याच दिसतात. फरक मातीत. तुमची माती ओली आहे, वास येतोय, खालची पानं पिवळी आहेत, म्हणजे मुळं कुजायला लागलीत असंच समजा.

मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीच्या कणांमधल्या सगळ्या फटी पाण्याने भरल्या की मुळांना ऑक्सिजन मिळत नाही, ती मरायला लागतात, त्यात पिथियम, फायटोफ्थोरा असल्या ओल्यात वाढणाऱ्या रोगांना आयतं रान मिळतं, आणि मेलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही म्हणून पाण्यात उभं राहून झाड सुकतं. आपण ते बघून अजून पाणी घालतो. तुमच्या बाबतीत ती शोची कुंडी पण बघा, आत पाणी साठून राहिलेलं असणार.

आता झाड कुंडीतून अलगद बाहेर काढा, माती झाडा, मुळं साध्या पाण्याखाली धुवा आणि एकेक मूळ बोटात धरून बघा. चांगलं मूळ पांढरट आणि टणक असतं. कुजलेलं तपकिरी-काळं, लिबलिबीत, ओढलं की वरची साल निसटून हातात येते आणि आत नुसता दोऱ्यासारखा धागा राहतो. कुजलेली सगळी कापा, दया दाखवू नका, कात्री मात्र आधी स्पिरिटने पुसून घ्या. (हातमोजे असले तर घाला, या झाडाच्या रसात कॅल्शियम ऑक्झलेटचे बारीक सुईसारखे स्फटिक असतात, त्वचेची आग होऊ शकते, आणि कापलेली पानं मांजर-कुत्र्याच्या तोंडाला लागू देऊ नका.) औषध शोधत बसू नका, कुजलेलं मूळ कशानेही परत जिवंत होत नाही.

मुळं कमी झाली की तेवढी पानं पोसणं झाडाला जमत नाही, म्हणून पिवळी पानं आणि जुन्यातली काही तळापासून काढून टाका. जीवावर येतं, माहितीये, पण करा. जुनी माती परत वापरायची नाही. नव्या मातीत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे) मिसळून भुसभुशीत मिश्रण करा, आणि कुंडी उरलेल्या मुळांच्या मापाची घ्या, गरज पडली तर आधीपेक्षा लहान. मोठ्या कुंडीत माती जास्त म्हणजे ओल पण जास्त दिवस राहते, परत तेच. तळाला भोक हवंच. खाली खडी घातली की निचरा सुधारतो असं बरेच जण सांगतात, तसं होत नाही, पाणी खडीच्या वरच्या मातीतच अडकून बसतं.

एकदा पाणी द्या, निथळू द्या, मग बोट २-३ सेंमी आत घालून कोरडं लागेल तेव्हाच पुढचं. उजेड भरपूर, थेट ऊन नको, एसीचा झोत तर नकोच. खत नवीन पान येईपर्यंत बंद, दुखऱ्या मुळांना त्यातले क्षार अजून त्रास देतात. पिवळं पान परत हिरवं होणार नाही, त्याच्याकडे बघत बसू नका, मधून नवी सुरळी निघतेय का ते बघा. आणि झाडाचा बुडखा दाबून पाहा, टणक असेल तर आशा आहे, पिचपिचीत झाला असेल तर तेवढा भाग गेला. पण लिली फुटव्यांनी वाढते, एखादा फुटवा चांगला असला तरी तो वेगळा काढून लावता येतो.

प्रश्न : माझी पण लिली लोळते पण माती कोरडी असते. पाणी घातलं की लगेच खालून निघून जातं. काय करू?

उत्तर : तुमचं सोपं आहे. कोकोपीट एकदम वाळलं की आकसतं आणि कुंडीच्या कडेने फट पडते, पाणी त्या फटीतून खाली जातं आणि मधला गोळा कोरडाच. बादलीत थोडं पाणी घेऊन कुंडी अर्धा तास त्यात ठेवा, माती खालून पाणी ओढून घेते, मग नीट निथळू द्या. मुळं शाबूत असतील तर काही तासांत पानं तरारून उभी राहतात. पण झाड लोळलं की पाणी द्यायचं अशी सवय लावू नका, वारंवार इतकं सुकलं तर बारीक मुळं मरतात आणि पानांची टोकं करपतात. आणि नीट भिजवूनही दोन दिवसांत परत लोळली तर काढून बघा, मुळांचंच वेटोळं झालेलं असेल, मग फक्त एक साइज मोठी कुंडी द्या.