इराणी पासपोर्ट, कॅनडातलं लहान गाव आणि लाख डॉलरचा धंदा: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

कोथरूडहून एक वाचक लिहितात: माझे पती इराणी नागरिक आहेत. पुण्यात शिकायला आले आणि इथेच राहिले. तेहरानमध्ये त्यांचा फर्निचरचा कारखाना आहे, तो भाऊ आणि ते मिळून चालवतात. एजंट म्हणतो, कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात गावात धंदा काढला तर तिथे कायम राहण्याचं काम निम्म्या पैशात होतं. हे खरं का?

पैशांपुरतं खरं आहे, कामापुरतं नाही. ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या उद्योजक योजनेच्या दोन वाटा आहेत. मुख्य वाटेला निव्वळ मालमत्ता किमान 6 लाख कॅनेडियन डॉलर आणि गुंतवणूक 2 लाख लागते. 2019 मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण वाटेला मालमत्ता 3 लाख आणि गुंतवणूक 1 लाख पुरते. गावाची लोकसंख्या 75 हजारांच्या आत हवी आणि ते मोठ्या शहरापासून 30 किलोमीटरपेक्षा लांब हवं. मालकी किमान 51 टक्के. कॅनडाचा नागरिक किंवा कायम रहिवासी असलेल्या, कुटुंबाबाहेरच्या एका माणसाला पूर्णवेळ नोकरी द्यायची. कॅनडाच्या भाषा-मोजपट्टीवर इंग्रजीची पातळी 4, म्हणजे आयईएल्टीएस जनरलमध्ये ऐकणं 4.5, वाचन 3.5, लेखन आणि बोलणं 4. नोंदणीचे 300 आणि अर्जाचे 3,500 डॉलर वेगळे. असे आकडे अधूनमधून बदलतात, म्हणून नोंदणीच्या दिवशीची मार्गदर्शिका उघडून पडताळा.

आता एजंट जे सांगत नाही ते. धंदा नवा हवा, चालू दुकान विकत घेऊन भागत नाही. आणि प्रांताकडे जाण्याआधी गावाने तुम्हाला पसंत करावं लागतं. प्रत्येक सहभागी गाव आपल्याला कोणते धंदे हवेत ते जाहीर करतं. केनेल हे लाकूड आणि कागदलगद्याचं गाव, जेमतेम दहा हजार वस्तीचं, व्हँकुव्हरपासून रस्त्याने साधारण साडेसहाशे किलोमीटर. किटिमॅट अ‍ॅल्युमिनियम आणि नैसर्गिक वायूच्या बंदराचं. फोर्ट सेंट जॉन तेल-वायूचं, हिवाळ्यात उणे वीस ही तिथे बातमी नसते. तिन्ही गावांना एकच व्यवसाय आराखडा पाठवणारे लोक असतात, आणि गावाच्या अधिकाऱ्याला ते दुसऱ्या पानावर कळतं. फर्निचरचा अनुभव असलेल्या माणसाने लाकडाच्या गावात स्वयंपाकघरातली कपाटं बनवण्याचा कारखाना सुचवला तर त्यात अर्थ आहे. त्याच माणसाने मोबाइल दुरुस्तीचं दुकान सुचवलं तर नाही.

शिवाय 2025 मध्ये कॅनडाच्या केंद्र सरकारने या प्रांताचा नामांकनांचा (कायम वास्तव्यासाठी प्रांताने करायच्या शिफारशींचा) कोटा 8,000 वरून सुरुवातीला 4,000 वर आणला, त्यामुळे चाळणी बारीक झाली आहे. आणि एजंट परवानाधारक आहे का ते बघा. कॅनडाच्या इमिग्रेशनचा सल्ला पैसे घेऊन देण्याचा अधिकार तिथले वकील आणि वकील मंडळाचे परवानाधारक पॅरालीगल, क्युबेकचे नोटरी आणि सल्लागारांच्या अधिकृत नियामक संस्थेचे (‘कॉलेज’चे) सदस्य यांनाच आहे. सदस्यांची यादी खुली आहे, नाव टाकलं की दिसतं.

त्यांचाच पुढचा प्रश्न: गाव बघायला जायचं तर आधी व्हिसाच नाकारतात. मग?

हा खरा अडसर आहे. गावाने शिफारस द्यायची तर आधी तिथे जाऊन भेटावं लागतं, आणि इराणी पासपोर्टवर पर्यटक व्हिसा ‘मुदत संपल्यावर परत जाणार नाही’ या कारणाने सहज नाकारला जातो. इराणात कॅनडाचा दूतावास नाही, सप्टेंबर 2012 मध्ये तो बंद झाला. त्यामुळे तिथले अर्जदार बोटांचे ठसे द्यायला अंकारा, येरेवान किंवा दुबईला जातात. तुमचे पती भारतात कायदेशीर राहतात, त्यांचे ठसे इथल्याच केंद्रात होतील. एवढी एक दगदग वाचली.

अर्जात ‘फिरायला जातोय’ असं लिहू नका. गावाच्या अधिकाऱ्याचं निमंत्रणाचं ईमेल, भेटींचं दिवसवार वेळापत्रक, कोणत्या जागामालकाला आणि कोणत्या बँकेला भेटणार, हे सगळं जोडा. कायम राहण्याचा इरादा असूनही तात्पुरत्या भेटीला येता येतं, कायद्यात तशी सोय आहे. पत्रात तिचा उल्लेख करा आणि परतण्याची कारणं कागदाने दाखवा: पुण्यातला भाडेकरार, भारतात राहण्याचा वैध परवाना, मुलांची शाळा, चालू धंदा.

मुंबईहून एक चार्टर्ड अकाउंटंट: इराणी अशिलाच्या मालमत्तेचा तक्ता करतोय. कशावर अडकू शकतं?

चार जागी. पहिली जागा रियाल आणि तोमान. दहा रियालचा एक तोमान. लोक बोलतात तोमानमध्ये, बँकेचा कागद असतो रियालमध्ये. भाषांतरात एक शून्य इकडचं तिकडे झालं की मालमत्ता दहापट किंवा एक दशांश. प्रत्येक आकड्यापुढे चलन लिहा.

दुसरी, विनिमय दर. सरकारी दर आणि खुल्या बाजाराचा दर यांत अनेक वर्षं प्रचंड तफावत राहिली आहे. 2018 मध्ये डॉलरला 42,000 रियाल हा दर ठरवला आणि बाजार काही महिन्यांतच त्याच्या कितीतरी पुढे गेला. सरकारी दराने मांडलेली श्रीमंती मूल्यांकन करणारी तिऱ्हाईत फर्म मान्य करत नाही. बाजारदर धरा, तारीख लिहा, आणि 3 लाखांवर चांगली मोकळीक ठेवा. 3 लाख 10 हजारांचा तक्ता रियाल घसरला की महिन्याभरात अपात्र होतो. नोंदणीनंतर प्रांताचं निमंत्रण आल्यावर पूर्ण अर्जाला चारच महिने मिळतात, आणि मूल्यांकन अहवाल त्यातच बसवायचा असतो.

तिसरी, कौलनामा आणि सनद. दोन्ही शब्द आपल्या ओळखीचे, पेशवाईच्या दप्तरातले, पण तिकडे कौलनामा म्हणजे खरेदीचा खासगी करार आणि सनद म्हणजे मालकीचा सरकारी दस्त. इराणात आजही घरांचे पुष्कळ व्यवहार दलालाकडे केलेल्या कौलनाम्यावर झालेले असतात, नोंदणीकृत सनद नंतर होते किंवा होतच नाही. तक्त्यात सनद असलेलीच मालमत्ता पक्की धरा. कंपनीतला हिस्सा दाखवायला तिकडच्या राजपत्रातली नोंद, कर विवरणपत्रं आणि सामाजिक विम्याचा इतिहास लागतो. तिकडचं आर्थिक वर्ष मार्चच्या 20 तारखेच्या आसपास संपतं, म्हणून ‘1402 चा नफा’ (इराणी पंचांगातलं वर्ष) 2023 च्या रकान्यात तसाच ढकलू नका. भाषांतर अधिकृत अनुवादकाचंच लागतं.

चौथी तुमच्या घरची. अशील पुण्यातला फ्लॅट दाखवत असेल तर थांबा. आपल्या परकीय चलन नियमांनुसार इराणी नागरिकाला रिझर्व्ह बँकेच्या पूर्वपरवानगीशिवाय भारतात स्थावर मालमत्ता घेता येत नाही. पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा चालतो. ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असेल तर गोष्ट वेगळी. परवानगीचं पत्र नसलेला फ्लॅट तक्त्यात घालणं म्हणजे स्वतःविरुद्ध पुरावा जोडणं.

नाव न देता एक वाचक: इराणातून कॅनडात पैसे न्यायचे तरी कसे? बँका दारातूनच परत पाठवतात.

थेट बँकेतून बँकेत जातच नाहीत. 2018 च्या नोव्हेंबरपासून बहुतेक इराणी बँका स्विफ्टच्या, म्हणजे बँकांमधल्या आंतरराष्ट्रीय निरोपांच्या जाळ्याबाहेर आहेत. शिवाय जुलै 2020 पासून कॅनडाच्या बँकांवर आणि पैसे पाठवणाऱ्या कंपन्यांवर मंत्र्यांचा निर्देश आहे: इराणहून येणारा किंवा तिकडे जाणारा प्रत्येक व्यवहार, रक्कम कितीही असो, अति जोखमीचा धरायचा, ओळख तपासायची आणि पैसा कुठून आला ते विचारायचं. म्हणजे मनाई नाही, चौकशी आहे. चौकशीला उत्तर देणारी साखळी आधी तयार ठेवायची.

साखळी अशी. घर विकल्याची नोंदणीकृत सनद. खरेदीदाराचे पैसे खात्यात आल्याचा शिक्का मारलेला बँकेचा उतारा. तिथल्या मध्यवर्ती बँकेचा परवाना असलेल्या सराफाची (चलन बदलून पाठवणाऱ्याची) पावती, त्यावर रियाल किती, दर काय, परकीय चलन किती आणि कोणाच्या नावे. मग तुर्कस्तानात किंवा अमिरातीत अर्जदाराच्या स्वतःच्या खात्यावर जमा झाल्याचा उतारा. तिथून कॅनडातल्या स्वतःच्या खात्यावर. प्रत्येक कडीवर तारीख, रक्कम आणि तेच नाव. पासपोर्टवर एक स्पेलिंग आणि सराफाच्या पावतीवर दुसरं, एवढ्यावरही आठवडे जातात.

बिघडतं कुठे? सराफ हिशेब आपसात मिटवतो आणि कॅनडातल्या खात्यावर पैसे टाकतं कोणीतरी तिसरंच, टोरँटोतली एखादी कार्पेटची कंपनी किंवा ओळखदेख नसलेला गृहस्थ. अर्जदाराला पैसे मिळतात, फाइल मात्र मेली. बँक खातं बंद करते आणि प्रांत ती रक्कम ‘स्रोत सिद्ध नाही’ म्हणून गुंतवणुकीत धरत नाही. दुसरी चूक म्हणजे 10 हजार डॉलरच्या आत तुकडे करणं. 10 हजार आणि त्यावरच्या परदेशी रकमेची माहिती सरकारकडे आपोआप जाते, त्यात तुमचं काही बिघडत नाही. ती टाळण्यासाठी केलेले 9,500 चे बारा तुकडे मात्र कोणत्याही तपासनिसाला लांबून दिसतात.

एक प्रश्न दोन ओळींचा: पतीची सक्तीची लष्करी सेवा ‘सिपाह’मध्ये (इराणच्या क्रांतिरक्षक दलात) झाली. फॉर्ममध्ये लिहायची का?

लिहायचीच. इराणी पुरुषाला सेवा सक्तीची असते आणि नेमणूक नियमित लष्करात, पोलिसात की क्रांतिरक्षक दलात, हे ठरवणं त्याच्या हाती नसतं. पण 19 जून 2024 रोजी कॅनडाने क्रांतिरक्षक दलाला दहशतवादी संघटनांच्या यादीत घातलं, आणि अशा संघटनेचं सदस्यत्व हे प्रवेश नाकारण्याचं कारण आहे. लपवलं आणि सापडलं तर खोटी माहिती दिल्याबद्दल पाच वर्षांची बंदी. सेवासमाप्तीचं कार्ड, तुकडीचं नाव, सुरुवात-शेवटच्या तारखा आणि रोजचं काम (गाडी चालवणं, कोठारात नोंदी, जे असेल ते) सविस्तर लिहा. या एका मुद्द्यासाठी सल्लागार नको, कॅनडातला इमिग्रेशन वकील गाठा, आणि तोही गावाच्या भेटीवर पैसे खर्च करण्याआधी.

कॅम्पातून: आम्ही पुण्याचे इराणी, तीन पिढ्यांची बेकरी. पासपोर्ट भारतीय. आम्हालाही हे सगळे अडथळे? आणि बन-मस्का चालेल का हो तिथे?

तुमचे आजोबा यझ्दहून आले असले तरी योजना नागरिकत्व आणि पैशाचा माग बघते, आडनाव नाही. तुमचा पैसा भारतातला, त्यामुळे वर सांगितलेली सराफांची साखळी तुम्हाला नको. रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवण्याच्या उदारीकृत योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख अमेरिकी डॉलर पाठवता येतात. गुंतवणुकीसाठी वर्षाला 10 लाख रुपयांवरच्या रकमेवर बँक 20 टक्के कर आगाऊ कापते, तो विवरणपत्रात परत मागता येतो, पण तेवढी रोकड मधल्या काळात अडकते. अनुभवाचा पुरावा म्हणून भागीदारीपत्रात अर्जदाराचं नाव असायला हवं. बेकरी वडिलांच्या नावे आणि गल्ल्यावर मुलगा, हे चित्र घरात चालतं, अर्जात नाही.

आता बन-मस्का. आवडेल, पण त्यावर एक लाखाचा आराखडा उभा करू नका. गावाला सकाळी सहाला उघडणारी बेकरी हवी असते, ब्रेड, सँडविच आणि कॉफीवाली. मस्का त्याच्या आडून विका. हिशेबात आधी पगार बसवा: जून 2025 मध्ये प्रांतातलं किमान वेतन ताशी 17.85 डॉलर झालं. त्या दराने आठवड्याला 30 तास धरले तर वर्षाला 27,846. त्यावर 4 टक्के रजा वेतन, पेन्शन आणि बेरोजगारी विम्याचा मालकाचा हिस्सा धरून साधारण 31 हजार. ओव्हन, पीठ मळायचं यंत्र, शीतकपाट, जागेतली डागडुजी आणि भाडं हे गुंतवणुकीत येतं. तुमचा स्वतःचा किंवा बायकोचा पगार, राहतं घर आणि खात्यात नुसती पडलेली रक्कम येत नाही.

कागदपत्रांचा क्रमही चुकवू नका. कंपनीचं नाव राखून ठेवायला 30 डॉलर, नोंदणीला 350. राखलेलं नाव 56 दिवस टिकतं. ब्रिटिश कोलंबियात संचालक तिथलाच रहिवासी असावा अशी अट नाही. मग कामगार विमा मंडळाची नोंद, विक्री कराचे क्रमांक आणि आरोग्य खात्याचा परवाना. केनेलसारख्या गावात हे काम नॉर्दर्न हेल्थकडे असतं. भाडेकरारावर सही करण्याआधी जागेचा नकाशा त्यांना दाखवा. हात धुण्याच्या वेगळ्या सिंकला किंवा धुराच्या चिमणीला जागा नाही हे सहीनंतर कळलं, तर सुधारायला महिने जातात आणि भाडं चालूच राहतं.

नाशिकहून: शेतीची आवड आहे. दोन खोल्यांचं होमस्टे आणि थोडी फळबाग?

नाही. घरगुती निवास-न्याहारी, हौशी शेती आणि घरातून चालणारे धंदे अपात्र यादीत आहेत. नाण्यांवर चालणारी लाँड्री आणि स्वयंचलित कार वॉशही तसेच.

सरे, ब्रिटिश कोलंबियाहून एक मराठी वाचक: इराणी मित्र 51 टक्के, मी 49, असं ठरतंय. मी नोकरीही करू का त्याच्याकडे, म्हणजे ‘एक नोकरी’ची अट सुटेल?

भागीदारीला हरकत नाही, पण एक लाखाची किमान गुंतवणूक मित्राच्या स्वतःच्या पैशातून दिसायला हवी, तुमचे पैसे वरचे. नोकरीच्या अटीसाठी भागीदाराला कामगार दाखवू नका, गावातलाच माणूस ठेवा. मित्राने तिथे राहून रोज धंदा बघायचा आहे. प्रांतात मुक्काम किमान 75 टक्के वेळ लागतो. तो व्हँकुव्हरला आणि दुकान तुम्ही चालवताय, हे विजेच्या बिलावरूनही उघड होतं.

शेवटी, दोहाहून ब्रिटिश कोलंबियात आलेले एक इराणी वाचक, पत्र मराठी पत्नीने लिहिलेलं: मंजुरी मिळाली, दोन वर्षांचा वर्क परमिट आहे, येऊन पाच महिने झाले, अजून जागा मिळत नाही. काय होईल?

उलटा हिशेब करा. अंतिम अहवाल साधारण 18 ते 20 महिन्यांच्या दरम्यान द्यायचा असतो आणि त्याआधी धंदा सलग 12 महिने चाललेला हवा. म्हणजे दार सहाव्या ते आठव्या महिन्यात उघडायलाच हवं. तुमच्याकडे एक ते तीन महिने उरलेत. जागा बदलायची असेल, आकार कमी करायचा असेल किंवा वस्तू बदलायच्या असतील तर आधी प्रांताला लिहून मंजुरी घ्या. प्रांताशी केलेल्या करारात लिहिलेलं सोडून परस्पर दुसरं केलं तर धंदा फायद्यात असला तरी नामांकन अडतं. आजच गावाच्या आर्थिक विकास अधिकाऱ्याला फोन करा. रिकाम्या गाळ्यांची यादी त्यांच्याकडे दलालाआधी असते, आणि तुमची शिफारस त्यांनीच दिलेली आहे. हिवाळा तोंडावर असेल तर भिंती-छपराचं काम असलेला गाळा घेऊ नका. उत्तरेकडे डिसेंबरात मिस्त्री मिळणं कठीण असतं.

पत्नींसाठी एक. जोडीदाराच्या खुल्या परमिटचा अर्ज करताना पतीच्या परमिटवर किमान 16 महिने उरलेले लागतात. पाच गेले, 19 उरलेत. तो अर्ज या महिन्यातच टाका.